हात काढा, मग ऐकते

अहो, रेडिओ अजून टेबलावरच आहे. मागचं झाकण उघडं, स्क्रू स्टीलच्या वाटीत, वाटीवर बशी झाकलेली. तुम्ही ठेवलात तसाच. गंधमुक्तीला गावाकडून माणसं आली, आपल्या एवढ्याशा खोलीत दाटीवाटीनं बसली, जेवली, गेली. पण त्या टेबलाला मी कुणाला खेटू दिलं नाही. आपल्या राजूच्या मामीनं पाण्याचा तांब्या टेकवायला जागा बघितली तर मी तिच्यावर खेकसले. बिचारीनं तांब्या मांडीवर घेतला. नुकता नवरा गेलेल्या बाईला कोण काय बोलणार?

तिला वाटलं, दुःखानं करते आहे. दुःख आहेच. पण खरं सांगू का, दुःखापेक्षा मला भीती जास्त वाटते आहे, आणि ती त्या रेडिओची वाटते आहे. हे मी तुमच्याशिवाय कुणाला सांगू? राजूला सांगितलं तर तो हसेल, नाहीतर डॉक्टरकडे नेईल.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळी आपलं भांडण झालं होतं, आठवतं ना? तुम्ही म्हणत होतात, रेडिओ वाजतोय. मी म्हणत होते, नाही वाजत. जेवण झालं तरी तुम्ही तेच, मीही तेच. शेवटी बटण बंद करून तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलात आणि सकाळी चहाला उठलाच नाहीत. आता कोण खरं होतं ते कसं कळायचं? तुम्ही खरे असाल, तर रेडिओ नीट झालेला आहे आणि माझे कान गेलेले आहेत. मी खरी असेन, तर माझे कान शाबूत आहेत आणि तुमच्या हातचं शेवटचं काम फसलेलं आहे. बटण फिरवलं की दोन्हीपैकी एक उत्तर मिळणार. मला दोन्ही नको आहेत. म्हणून मी रोज टेबलावरची धूळ पुसते, रेडिओच्या भोवतीनं फडकं फिरवते, आणि बटणाला हात लावत नाही.

लोकांना वाटतं, कान जाणं म्हणजे म्हातारपण. आपल्याला माहीत आहे, कान जाणं म्हणजे लूम. बमरोलीतल्या त्या कापड विणायच्या खात्यात तुम्ही मास्तर, बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. मी कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरायची. त्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकतंय? ओठ बघायचे, हात बघायचे. आपली सगळी ओळख अशीच झाली. लग्न होऊन इकडे आले तेव्हा तुमचा आवाज कसा आहे हे मला कितीतरी दिवस नीट ठाऊक नव्हतं. हात मात्र ओळखत होते.

आणि खात्यातला तो पहिला नियम तुम्हीच मला शिकवलात: चालू लूमवरच्या माणसाला मागून हात लावायचा नाही. तो दचकतो, आणि दचकलेला हात नको तिथं जातो. बोलायचं असेल तर फिरून त्याच्या पुढं यायचं, त्याला दिसायचं, मगच बोलायचं. घरीसुद्धा तुम्ही तेच केलंत. चुलीशी बसलेल्या मला कधी मागून हाक मारली नाहीत. भिंतीला घासत, डबे पाडत पुढं यायचात आणि मग म्हणायचात, "मीठ कमी पडनं वं." मी हसायची. एवढ्यासाठी एवढा वळसा! आता खोलीत एकटी असले की मागं कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मग मीच स्वतःला सांगते, हे ते नाहीत, ते मागून यायचेच नाहीत. तरी भीती जात नाही. तुम्ही नाहीत, तर मग कोण आहे?

तुमचे कान माझ्या आधी गेले. काम सुटलं आणि तुम्ही जुने रेडिओ आणून दुरुस्त करायला लागलात, तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. ज्याला हाक ऐकू येत नाही त्यानं रेडिओ दुरुस्त करायचा! पण तुम्ही तळवा स्पीकरवर ठेवायचात, डोळे मिटायचात आणि सांगायचात, वाजतोय. तळव्याला वाजणं कळायचं, पण काय वाजतंय ते कळायचं नाही. गाणं आहे की नुसती खरखर, त्याला माझे कान लागायचे. खाली खात्यातले लूम दिवसभर चालू, आपल्या खोलीची फरशीसुद्धा थरथरते. त्यात त्या छोट्या रेडिओचा आवाज ऐकायचा म्हणजे कान अगदी जाळीला लावावा लागायचा. तुमचा हात जाळीवर, मग माझा कान जायचा कुठं? म्हणून मी दर वेळी म्हणायची, "हात काढा, मग ऐकते." तुम्ही हात काढायचात, मी कान लावायची, आणि खुणेनं सांगायची. मूठ उघडझाप केली की खरखर. बोट वर नेलं की शिट्टी. आणि गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला की साफ. तो फिरलेला हात बघून तुमच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते बघायला मी भाजी करपवलेली आहे.

रेडिओ न्यायला माणसं यायची तेव्हा तुम्ही ऐटीत सांगायचात, "मीच ऐकीसन पाह्य, एक नंबर शे." मी आतून बघत राहायची आणि कान कुणाचे होते ते गिळून टाकायची. चालायचंच. तुम्ही तर माझ्या भाकरीसुद्धा तुमच्या बहिणीला स्वतः थापल्या म्हणून सांगितल्या होत्या.

हा रेडिओ मात्र तुम्ही विकायला आणलाच नव्हता. भेस्तानच्या भंगारवाल्याकडून आणलात तेव्हा त्याचं चामड्याचं कव्हर सालपटं निघालेलं, पट्टा तुटलेला, आत झुरळांची वस्ती. मी तो दाराबाहेरच ठेवायला लावला. तुम्ही पायरीवर बसून तो उघडलात आणि मला ओरडून बोलावलंत. मी घाबरले, वाटलं विंचू चावला. तुम्ही आतली दोरी दाखवत होतात, आकड्यांवरून काटा सरकवते ती बारीक दोरी. ती कंपनीची नव्हती. कुणीतरी लूमचं सूत पीळ देऊन लावलं होतं, आणि त्याला लूमवाल्याची गाठ होती, चपटी, शेंडे दातानं तोडलेली. तुम्ही भिंगातून बघून म्हणालात, "हाई गाठ डावखोरानी शे."

झालं. त्या दिवसापासून तुमच्या डोक्यात डावखुरा माणूस बसला. चहाच्या टपरीवर, केस कापायला गेलात तर तिथं, भजनातसुद्धा: डाव्या हातानं गाठ मारणारा, रेडिओवाला मास्तर कुणी आठवतो का? मी म्हणायची, पोलीस झालात का? पण मनातून मला बरं वाटायचं. काम सुटल्यापासून तुम्ही माणसांत जायचे बंद झाला होतात, ऐकू येत नाही याची लाज वाटायची. आता त्या गाठीसाठी लोकांच्या तोंडासमोर जाऊन त्यांचे ओठ बघत होतात.

आणि सापडला की तो माणूस. सुकलाल आप्पा, आपल्याच शिरपूरकडचा, पांडेसऱ्याला मुलीकडे राहणारा. आपण दोघं रिक्षानं गेलो. आप्पा खाटेवर बसले होते, उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. तुम्ही रेडिओ त्यांच्या मांडीवर ठेवलात. त्यांनी तो उघडला नाही, वाजतो का विचारलं नाही. नुसता कव्हरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "याले कोठून उचली लयनात रे भाऊ?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुमच्याकडे तोंड करून तुम्हाला पुन्हा सांगत होते, कारण आप्पांना दात नव्हते आणि तुम्हाला त्यांचे ओठ वाचता येईनात. त्यांच्या जुन्या खात्यात हा रेडिओ दाराशी खिळ्याला टांगलेला असायचा. दिवसभर चालू. मी विचारलं, लूमच्या आवाजात रेडिओ कुणाला ऐकू यायचा? आप्पा म्हणाले, "कोनलेच नही. लाईट गयी का मंग ऐकू ये."

खात्याला खिडकी नव्हती. लाईट गेली की लूम थांबायचे आणि भर दुपारी काळोख व्हायचा. नवी पोरं घाबरून धावायची, कुठं जायचं ते कळायचं नाही, आणि लूमचं बटण बंद न करता कुणी दोन लूमच्या मध्ये शिरला आणि लाईट परत आली, तर सगळे लूम धाडकन सुरू व्हायचे. आप्पांची बोटं अशीच गेली. दार समजून ते उलटीकडे गेले होते. त्यानंतर त्यांनी हा सेलवरचा रेडिओ आणला आणि दाराशी टांगला. मग नव्या माणसाला ते एवढंच शिकवायचे, "जठे रेडू वाजस, तठे दार शे." काळोखात पहिल्यांदा तो आवाज आला की माणसं उभी राहायची, श्वास घ्यायची आणि आवाजाच्या रोखानं हळूहळू चालत बाहेर यायची. दोरी तुटली तेव्हा आप्पांनी उरलेल्या बोटांनी, डाव्या हातानं, सुताची दोरी बांधली. रेडिओ एक दिवससुद्धा बंद ठेवून चालणार नव्हता.

परत येताना रिक्षात तुम्ही रेडिओ मांडीवर धरून बसलात. घरी आल्यावर दाराच्या चौकटीत एक खिळा ठोकलात. मी विचारलं, कशाला? तर म्हणालात, "मी नसनू तं तुले कामले यी." मला राग आला. असलं अभद्र बोलायचं नाही, म्हणून मी तिथून उठून गेले. त्या बोलण्याचा आपण पुढं कधी विषय काढला नाही. आता तो खिळा येता जाता दिसतो. तुम्हाला काही कळलं होतं का हो? छातीत दुखत होतं का? मला का सांगितलं नाहीत?

त्या शेवटच्या संध्याकाळी मी भात टाकत होते. तुम्ही टेबलाशी, रेडिओ उघडा. एकदम ओरडलात, "वाजी राह्यना वं! ये ना आठे!" मी हात पुसत आले. तुमचा तळवा मागून स्पीकरवर, डोळे मिटलेले, चेहरा असा की मला वाटलं आज गोड करावं. मी सवयीनं म्हटलं, "हात काढा, मग ऐकते." काढलात. मी कान लावला. काही नाही. खालचे लूम, बाकी काही नाही. मी मान हलवली.

"आत्तेच वाजत व्हता!"

"नही वाजस."

पुन्हा तुम्ही हात ठेवलात, पुन्हा उजळलात, पुन्हा मी हात काढायला लावला, पुन्हा काही नाही. तुम्ही म्हणालात, तुझं लक्ष भाताकडे आहे. मी म्हटलं, तुमच्या हाताला आता फरशीची थरथर कळते आहे, रेडिओची नाही. हे मी जरा लागट बोलले, पण तुम्हीही कमी नव्हतात. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "तुना बी कान गयात का काय?" रागात नाही, हळूच. तेच माझ्या जिव्हारी लागलं. कारण कुकरच्या शिट्ट्या माझ्याकडून अलीकडे चुकायला लागल्या होत्या, आणि ते मी अजून मनातसुद्धा नीट म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून मी माझ्या कानांवर पाळत ठेवून आहे. दूधवाला हाक मारतो ती मला कितव्या हाकेला कळते? नळ ठिबकतोय तो दिसतो म्हणून कळतोय की ऐकू येतोय? राजू बोलतो तेव्हा मी त्याचे ओठ बघते; आधीपासून बघत होते की आता बघायला लागले? तुम्ही होतात तोवर दोघांत मिळून एक कान चालत होता. आता तोही गेला असेल, तर या खोलीत मी एकटी कशी राहू? दार वाजलेलं कळणार नाही, मागून गाडी आलेली कळणार नाही.

पलसाण्याला राहणाऱ्या राजूचं म्हणणं सरळ आहे. "मम्मी, चाल ने पलसाणा. अहीं एकली काय करशील? ये सामान तो भंगारमां देऊन टाकू." रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. चांगला आहे हो पोरगा, कळवळा आहे त्याला. पण मला इथं राहायचं आहे. इथल्या दुकानदाराला माझ्या हाताची खूण कळते, जिन्याच्या पायऱ्या माझ्या पायाला कळतात, आणि तुम्ही आलातच तर इथंच याल. फक्त कान असतील तरच राहता येईल. म्हणजे फिरून त्या बटणापाशीच येणं आलं. राजूला सांगता आलं असतं, बाबा रे, जरा लावून बघ, वाजतो का सांग. त्याला सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि चहा घेतोस का एवढंच विचारलं.

आज दुपारी लाईट गेली.

पंखा थांबला, मग खालचे लूम एकेक करत थांबले, आणि फरशी स्थिर झाली. आपल्या खोलीतही उजेड केवढासा. समोर गिरणीची भिंत. मी भाजी निवडत होते ती तशीच बसून राहिले. एकदम शांतता. कानात फक्त ती बारीक शिट्टी, आपल्या सगळ्या लूमवाल्यांच्या कानात असते ती. ही शांतता आहे की मीच गेले आहे? मी चाचपडत टेबलापाशी गेले, बशी उचलली आणि स्टीलची वाटी टेबलावर आपटली. स्क्रू खणखणले. ऐकू आलं. मला रडू फुटलं.

मग वाटलं, आता नाही तर कधीच नाही. लूम बंद आहेत, रेडिओ वाजत असेल तर कान न लावताही कळेल. मी बटण फिरवलं. टक् आवाज झाला. मी उभी राहिले.

काही नाही.

अहो, मी खरी होते. माझे कान आहेत. मला आनंद व्हायला हवा होता ना? मी खुर्चीवर बसले. त्या उघड्या रेडिओकडे, तुम्ही दिलेल्या त्या कथलाच्या चकचकीत डागांकडे, आप्पांच्या गाठीकडे बघवेना. एवढं जीव ओतून केलेलं काम, आणि शेवटची गोष्ट तुम्ही या जगातून घेऊन गेलात ती माझं "नही वाजस". तुम्हाला खोटं पाडून काय मिळवलं मी? रेडिओ बंद करून फडक्यात गुंडाळावा म्हणून मी तो उचलायला गेले, आणि माझा तळवा मागून स्पीकरवर टेकला.

एक माणूस बोलायला लागला.

मी किंचाळलेच असते. स्वच्छ, खणखणीत, गुजरातीतून तो वांग्यावरच्या किडीबद्दल सांगत होता. मी दचकून हात काढला. गप्प. पुन्हा टेकवला. शेंडा पोखरणारी अळी, म्हणाला, रोपाचा तेवढा भाग तोडून टाका. काढला, गप्प. ठेवला, वांगी.

तुमच्या लक्षात येतंय का काय झालं ते? स्पीकरच्या तारेचा एक डाग सुटलेला आहे. तळवा दाबला की तार टेकते आणि रेडिओ वाजतो. तळवा उचलला की सुटते. तुमच्या हाताखाली तो खरंच वाजत होता. आणि दर वेळी मी हात काढायला लावला आणि दर वेळी तो खरंच बंद पडला. तुम्हीही खरे, मीही खरी! इतकी वर्षं तुम्ही हाताचं काम केलंत, मी कानाचं; तुमच्या जागी हात ठेवून बघावं हे मला कधी सुचलं नाही, कारण ते तुमचं होतं. मी काळोखात बसून हसले, रडले, आणि तो माणूस आपला वांग्याचा सल्ला देत राहिला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, भरताची वांगी आधी आणू, मग डाग देऊ.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. तुमच्याशी काय खोटं बोलायचं? कान आज आहेत, उद्याचं माहीत नाही, आणि संध्याकाळ झाली की मागं कुणी उभं आहे असं वाटणारच. रविवारी राजू टेम्पो घेऊन येईल, त्याला काय सांगायचं तेही अजून ठरत नाही. पण मी रेडिओ उचलला, झाकण न लावताच, आणि तुम्ही ठोकलेल्या खिळ्याला, तुम्हीच लावलेल्या नव्या पट्ट्यानं टांगला. दाराच्या उजेडात उभी राहून त्याच्यावर हात ठेवला. तो बोलत होता, मी ऐकत होते. येणार असाल तर इकडून या, पुढून.

तेवढ्यात लाईट आली. खाली लूम धाडकन सुरू झाले, पायाखालची फरशी थरथरायला लागली आणि वांगीवाल्याचा आवाज बुडून गेला. मी कान लावायला वाकले नाही आणि हात काढला नाही. डोळे मिटले. फरशीची थरथर वेगळी होती, आणि तळव्याखाली दुसरीच एक होती, बारीक, माणसाच्या बोलण्यासारखी, मध्ये थांबणारी.

वाजी राह्यना हो, वाजी राह्यना.